सटवाजी गोलंदाजाच्या दोन कानांची आणि दौलतीच्या जखमदफ्तराची हकीगत

श्री दफ्तरेश्वर प्रसन्न. जी देवता बासनात निजते, मोहरेवाचून जागी होत नाही, आणि जिचे पायी वर्षानुवर्षे अर्ज वाहिले असता एक फूलही खाली पडत नाही, तीस साष्टांग दंडवत घालोन ही हकीगत लिहिली आहे. लिहिणाराचे नाव पुसू नये. सांगितल्यास त्याचाही कागद होईल, आणि तो कागद कोठे ठेविला हे पुढे कोणास सांगता यावयाचे नाही. दौलतीचे नावही पुसू नये. थोर दौलत होती, हत्ती घोडे होते, दफ्तर तर इतके थोर की त्यात शिरलेला माणूस म्हातारा होवोन बाहेर येई, इतके पुरे.

विलंबीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमीस सीमोल्लंघन करोन श्रीमंत महाराजांची फौज गनिमाचे डोंगरी किल्ल्यावर चालोन गेली. फौजेत सटवाजी कडलग म्हणोन गोलंदाज होता, वय अडतीस, अंगाने काटक, एके बाजूची मिशी बत्तीने जळालेली, आणि कान ऐसे तिखट की गोळा तोफेचे नळीत उतरताना जो खरखर करी, त्यावरोन तो डावीकडे जाईल की उजवीकडे हे सटवाजी आधीच सांगे. तोफही सामान्य नव्हती. तिचे नाव आवसाहेब, ओढावयास चोवीस बैल, आणि ती बोलू लागली म्हणजे दोन कोसांवर पाळण्यातली पोरे उठत. वेढा एकेचाळीस दिवस चालिला. विसावे दिवशी सटवाजीचा मदतनीस तापाने गेला, दुसरा मनुष्य मिळेना, मग सटवाजीने एके हाती बत्ती धरिली आणि दुसरे हाती गज धरिला, आणि तिसरा हात देवाने दिला नव्हता म्हणोन कान उघडेच राहिले. एकेचाळिसावे दिवशी, कार्तिक वद्य पंचमीस, आवसाहेबांनी तटास खिंडार पाडिले, फौज आत शिरली, किल्ला फत्ते जाहला, आणि सटवाजीचे उजवे कानातून रक्त येवोन खांद्यावर उतरले. महाराज स्वतः मोर्चावर आले, अंगावरची शाल काढोन सटवाजीचे अंगावर घातली आणि बोलिले, "सटवाजी, तुमचे कान आमचे कामी आले. तुमची जखमपट्टी आणि औषधपाणी आजपासोन दौलतीकडे." सटवाजीस महाराजांचे ओठ मात्र हललेले दिसले. त्यास वाटले, महाराज दारूगोळ्याचे पुसतात, म्हणोन हात जोडोन मोठ्याने बोलिला, "अजून दोन गोळं शिल्लक हाईत, म्हाराज!" तेव्हा महाराज बहुत हसले आणि समस्त लष्कर हसले. मग लष्कराचे वैद्यांनी कान तपासोन सटवाजीची बायको ठकूबाई इजला सांगितले जे, "उजवा कान गेला, त्याची आशा सोडा. डाव्यात चार आणे शिल्लक आहे. वर्षाचे आत राजधानीचे दवाखान्यात तीन मास तेलधारा जाहली तर तो वाचेल, न जाहली तर तोही जाईल. दवाखान्यात शिरावयास जखमदफ्तराची चिठ्ठी लागते, ती आधी घ्यावी." ठकूबाई म्हणाली, "चिठ्ठीच ना? आठ दिसांत घिऊ." बाई खेड्यातील होती. तिने दफ्तर पाहिले नव्हते.

या ठकूबाईचा आवाज मुळात फार मऊ. परंतु धन्याचे डाव्या कानात शब्द उतरावा म्हणोन तीस ओरडावे लागे, आणि मग घरातील जे काही असे, आमटीत मीठ जास्त झाले काय येथपासोन सासूबाईंनी काय टोमणा मारिला येथपर्यंत, ते साऱ्या आळीस कळे. शेजारणी मधेच उत्तरही देत. ऐसे हे जोडपे मार्गशीर्ष मासी गाव सोडोन राजधानीस आले, वेशीजवळ एक खोली घेतली, आणि जखमदफ्तराचे पडवीत जावोन बसले.

जखमदफ्तराची व्यवस्था कशी होती ती ऐकावी. जो अवयव गेला त्याची खिडकी वेगळी. पायांची खिडकी माडीवर होती आणि तीस एकोणतीस पायऱ्या होत्या. डोळ्यांची खिडकी कोणती, हे बारीक अक्षरात एका पाटीवर लिहिले होते. कानांची खिडकी तळमजल्यास, आणि तेथे नियम ऐसा की चोपदाराने अर्जदाराचे नाव तीन वेळा पुकारावे. अर्जदाराने 'हजर' म्हणावे. न म्हटल्यास गैरहजर मांडोन अर्ज तीन मास पुढे टाकावा. चोपदार लखमोजी यांचे तोंडात अष्टौप्रहर विडा असे, आणि रस सांडू नये म्हणोन ते ओठ मिटूनच पुकारा करीत. या सर्वांचे वरिष्ठ मोरो केशव जखमनवीस. त्यांजविषयी लिहिणाराने अन्याय करू नये. मनुष्य सज्जन, विद्वान, लाच म्हणोन सुपारीचे खांड कधी घेतले नाही, आणि गरीब श्रीमंत सर्वांस सारखेच ताटकळत ठेविले.

पहिले दिवशी लखमोजींनी पुकारा केला, सटवाजी भिंतीकडे पाहात स्वस्थ बसला होता. तेव्हा ठकूबाई उठोन म्हणाली, "हजर!" खिडकीमागे अंतोबा कारकून होते, त्यांनी चष्मा वर केला आणि पुसिले, "सटवाजी कडलग आपणच काय?"

"मी त्यांची बायकू. त्यास्नी ऐकू येत न्हाई."

"आपले कान गेले आहेत काय?"

"माझं कसं जातील? शाबूत हाईत म्हणून तर ऐकलं."

"मग आपला दावा लागत नाही," ऐसे म्हणोन अंतोबांनी गैरहजर मांडिले आणि फाल्गुनातील तारीख दिली. ठकूबाईने धन्यास बाहेर आणोन डाव्या कानात सर्व वर्तमान ओरडोन सांगितले, ते पायांच्या खिडकीपर्यंत गेले आणि तेथील लंगडे शिपाई कठड्यास धरोन हसले. सटवाजी हसला नाही. त्यास वाटले, तोफेपाशी हुकूम न ऐकणारा गोलंदाज आणि नावास उत्तर न देणारा अर्जदार एकच, आपलीच काही चूक असावी. मग तो फाल्गुनापर्यंत लखमोजींचे ओठ न्याहाळावयास शिकला.

फाल्गुनात लखमोजींचे ओठ हलले, सटवाजीने बरोबर ओळखिले, आणि उठोन इतक्या मोठ्याने 'हजर' म्हणाला की अंतोबांची दौत कलंडली. अंतोबांनी शाई पुसली आणि कागदावर लिहिले, 'नाव पुकारताच उठला. सबब ऐकू येते.' अर्ज फेटाळला. मग फेरअर्ज जाहला. फेरअर्जास विकारी संवत्सर निम्मे गेले, आणि मग राजवैद्यांकडे तपासणी नेमिली गेली ती शार्वरी संवत्सरात. राजवैद्य सटवाजीचे पाठीमागे उभे राहिले आणि हळू आवाजात बोलिले, "आपण बहिरे आहात काय?" समोर ठकूबाई उभी होती, तिने धन्याकडे पाहोन मान हलविली, म्हणोन सटवाजी म्हणाला, "व्हय, म्हाराज." राजवैद्यांनी लिहिले, 'प्रश्नास योग्य उत्तर दिले.' ठकूबाईने कपाळास हात लाविला. पुढील तपासणीस ती बाहेर बसली, सटवाजीस काहीच कळले नाही, तो गप्प राहिला, आणि राजवैद्यांनी लिहिले, 'प्रश्नास उत्तर देत नाही. स्वभाव उद्धट.'

पडवीत सटवाजीचा एक सोबती असे, शेख दाऊद म्हणोन, त्याच किल्ल्याचे तटावर उजवा हात मनगटापासोन तुटला होता. त्यास हातांचे खिडकीवर सांगितले की, कागदावर उजव्या हाताचा अंगठा उमटवावा. दाऊद म्हणाला, "सरकार, तो अंगठा तटाखाली राहिला." कारकून म्हणाले, "मग तो तेथे आहे ऐसा किल्लेदाराचा दाखला आणावा." दाऊद सात मुक्कामांची मजल चालोन गेला आणि किल्लेदाराचा दाखला घेवोन आला, आणि पडवीत बसोन सटवाजीस हातवारे करोन ती सर्व हकीगत दाखवी, एके हाताने किल्ला, त्याच हाताने किल्लेदार, त्याच हाताने आपला तुटका हात, आणि दोघे पोट धरोन हसत. सटवाजीस त्या पडवीत दाऊदचे शेजारी बरे वाटे. दाऊदशी बोलावयास कान लागत नव्हते. शुभकृत् संवत्सरी दाऊद खोकल्याने गेला. आठ मासांनी त्याचे नावे हुकूम निघाला जे, दावा मंजूर, अर्जदाराने समक्ष येवोन हयात असल्याची खातरी करोन द्यावी. दाऊदची बायको तो हुकूम घेवोन पडवीत आली आणि सटवाजीचे हाती दिला. सटवाजीस अक्षर येत नव्हते, परंतु मोहर ओळखता येत होती. त्याने मोहरेवरोन बोट फिरविले. त्या दिवशी त्यास प्रथमच वाटले की, किल्ला आपण घेतला म्हणोन जे सांगतात, ते कोणी चुकून सांगितले असावे.

मधले प्लव संवत्सरात आणखी एक गोष्ट जाहली ती राहिली. ज्येष्ठ मासी, दोन प्रहरी, त्याच पडवीत ठकूबाई डाव्या कानाशी तोंड नेवोन बोलत असता सटवाजी एकाएकी तिजकडे वळोन म्हणाला, "मोठ्यानं बोल की." ती मोठ्याने बोलली. तो म्हणाला, "अगं, मोठ्यानं." ती इतकी ओरडली की माडीवरोन लोक डोकावले, आणि सटवाजी तिचे तोंडाकडे पाहात राहिला, आणि मग त्याने हळूच तिचे तोंडावर हात ठेविला. त्या दिवसापासोन ठकूबाईचा आवाज पुन्हा मऊ जाहला. ओरडावयाचे कारण उरले नाही. ती खुणांनी बोलू लागली, आणि आळीतील लोकांस त्या घरात काय चालिले आहे हे कळेनासे झाले.

मग तिने अंतोबांस जावोन सांगितले की, आता डावाही गेला. अंतोबांनी कागद वर नेला. मोरो केशव यांनी शास्त्र पाहोन निवाडा दिला तो ऐसा: दोन कान मिळोन सोळा आणे. उजवा कान लढाईत गेला, ते आठ आणे मान्य. चिठ्ठी आणि जखमपट्टीस नऊ आणे जखम लागते. डावा कान लढाईत गेला नाही, जखमदफ्तराचे पडवीत गेला. आणि दफ्तराचे पडवीत जे अवयव जातात त्यांस दौलतीत खिडकी नाही. ठकूबाईने पुसिले, "मग एक आणा कुठून आणावा?" अंतोबा मनुष्य वाईट नव्हते. त्यांनी इकडे तिकडे पाहोन हळू सांगितले, "बाई, बोट वगैरे काही गेले आहे काय लढाईत? नीट आठवा." ठकूबाईने धन्याची सगळी बोटे मोजिली. दहाची दहा भरली, आणि ती रडत घरी आली. मग क्रोधी संवत्सर आले, ते नावाप्रमाणे गेले.

पुढे विश्वावसु संवत्सरी किल्ला फत्ते जाहल्यास सात वर्षे पुरी होणार, म्हणोन थोर उत्सव करावा ऐसे महाराजांचे मनी आले, आणि आज्ञा जाहली की, कार्तिक वद्य पंचमीस मैदानात आवसाहेबांची सलामी व्हावी. नवे गोलंदाज तोफेपाशी गेले, नळीत डोकावले, आणि आवसाहेबांचा स्वभाव आम्हास ठाऊक नाही ऐसे म्हणोन परत आले. तेव्हा सटवाजीची आठवण जाहली. जे दफ्तर सात वर्षे त्याचा कागद काढू शकले नाही, त्याच दफ्तराने त्याचा पत्ता अर्ध्या घटकेत काढिला, आणि घोडेस्वार खोलीचे दारी येवोन उभा राहिला. ठकूबाई म्हणाली, "जाऊ नगा. त्यांची तोफ, त्यांनी उडवावी," आणि खुणेने तेच सांगितले. परंतु सटवाजीने आवसाहेबांचे नाव स्वाराचे ओठांवर ओळखिले होते, आणि त्याचे तोंड ऐसे फुलले की बाईने पुढे बोलणे सोडिले, आणि पागोटे काढोन दिले.

सटवाजीने तोफेस तीन दिवस लाविले. नळी घासली, चाके आवळिली, आणि अंतोबांकडोन मागणीपत्र लिहविले. बारूद मागितली, ती एक प्रहरात आली, मागितली त्याहून दुप्पट. ओली चामडी मागितली, तीही आली. आणि मैदानात जे मानकरी उभे राहतील त्यांचे कानी घालावयास मेण आणि कापूस मागितला. कान म्हटले म्हणोन तो कागद जखमदफ्तरास गेला. मोरो केशव यांनी शेरा मारिला तो शब्दशः ऐसा: 'सदरहू कान अद्याप जखमी नाहीत. जखम होण्यापूर्वी मागणी करता येत नाही. जखम जाहल्यावर रीतसर अर्ज करावा.' ठकूबाईने शेरा ऐकोन धन्यास खुणेने सांगितला. सटवाजीने चुन्याची टोपली आणोन तोफेपासोन साठ कदमांवर एक रेघ ओढिली आणि सर्वांस दाखविली, की या रेघेचे अलीकडे कोणी येवो नये.

सलामीचे दिवशी सकाळी मानकरी आले. आता दरबाराची रीत ऐसी की तोफेजवळ जो उभा तो मोठा. फडणीस रेघेवर उभे राहिले, ते पाहोन राजवैद्य रेघेचे अलीकडे एक पाऊल आले, ते पाहोन मोरो केशव चाळीस पावले आले, आणि वरिष्ठ पुढे गेले म्हणोन समस्त जखमदफ्तर, अंतोबा आणि विडा चघळीत लखमोजी यांजसह, मोरो केशवांचे मागे येवोन उभे राहिले, आणि तोफ वीस कदमांवर राहिली. सटवाजीने ते पाहिले आणि बत्ती खाली ठेवोन धावत गेला. "मागं सरा, सरकार! मागं सरा! कान जातील!" बहिऱ्याचा आवाज तो, मैदानभर गेला. मोरो केशव संतापोन बोलिले, "ओरडता कोणावर? आम्ही काय बहिरे आहो?" सटवाजीने आपले दोन्ही कानांवर हात ठेवोन दाखविले. तेव्हा राजवैद्य म्हणाले, "पाहिलेत? आपले बोलणे ऐकावयाचे नाही म्हणतो. मी उद्धट लिहिले होते ते उगीच नव्हे." तितक्यात सज्ज्यातून महाराजांचा रुमाल हलला. हुकूम तो हुकूम. सटवाजी परतला, आणि नळीत भरलेल्या बारुदेतील एक थैली गुपचूप काढोन बाजूस ठेविली. ती थैली त्याने न काढिली असती तर पुढील हकीगत याहून वाईट होती. मग बत्ती दिली.

आवसाहेब बोलिल्या. सटवाजीस आवाज आला नाही, परंतु तळपायांतून काही वर चढले, गुडघ्यांत गेले, छातीत शिरोन तेथे एकदा दणकले, आणि सात वर्षांनी प्रथमच त्यास कोणी पुरते बोलिल्यासारखे वाटले. तो तोफेचे अंगावर हात ठेवोन हसत उभा राहिला. इकडे धूर विरला तेव्हा जखमदफ्तर समस्त जमिनीवर बसले होते. पागोटी उडाली होती. लखमोजींचा विडा सात वर्षांत प्रथम तोंडाबाहेर पडला होता. मोरो केशव अंतोबांस काही पुसत होते, अंतोबा दुसरेच उत्तर देत होते, आणि दोघेही समजत होते की समोरचा मुद्दाम हळू बोलतो.

त्या दिवसापासोन दफ्तराची जी दशा जाहली ती किती वर्णावी! लखमोजी पुकारा करीत, तो त्यांचा त्यांसच ऐकू येईना, मग ते ऐसे ओरडत की बाजारातील म्हशी बुजत. ज्यांची नावे होती ते बिचारे दचकोन 'हजर' म्हणत, ते अंतोबांस ऐकू येईना, आणि ते गैरहजर मांडीत. तिसरे दिवशी दरबारात महाराजांनी जखमनवीसांस हाक मारिली. दरबाराचा नियमही तीनच हाकांचा. मोरो केशव खांबाकडे पाहात स्वस्थ उभे राहिले, आणि दरबाराचे कारकुनाने त्यांस गैरहजर मांडिले, आणि महाराजांनी रुष्ट होवोन त्यांचा दरबार बंद केला. वैद्यांनी कान पाहोन कागदावर लिहोन दाखविले की, त्वरित तेलधारा घ्यावी, विलंब जाहल्यास कायमचे जाईल. दवाखान्याची चिठ्ठी जखमदफ्तरातून आणावी.

मग मोरो केशव यांनी आपलेच दफ्तरात आपलाच अर्ज दिला, आणि नियमाप्रमाणे पडवीत येवोन बसले. शेजारी सटवाजी आणि ठकूबाई बसली होती, त्यांची तारीख होती. जखमनवीसांस आपण या पडवीत कधी बसलो नाही हे तेव्हा ध्यानी आले, आणि दगड किती गार असतो हेही. कानात एकसारखी शिटी वाजत होती. समोर लखमोजी ओठ हालवीत होते, लोक उठत होते, बसत होते, आणि त्यांतील एकही गोष्ट आपणास लागत नाही याचे त्यांस इतके भय वाटले की अंगरख्याचे बंद चाचपू लागले. तेव्हा लखमोजींनी नाव पुकारिले, "मोरो केशव!" एकदा. मोरो केशव खिडकीकडे पाहात राहिले. दुसऱ्यांदा. ठकूबाईने ते ऐकिले. सात वर्षे तिने या घडीची वाट पाहिली असती तरी कोणी बोल लाविला नसता. परंतु तिचा हात सवयीने उठला, तिने जखमनवीसांचे कोपरास ढोसले आणि खिडकीकडे बोट दाखविले. "उठा की, तुमचं नाव आलं." मोरो केशव धडपडत उठोन 'हजर, हजर' ऐसे ओरडले. खिडकीपाशी पोहोचल्यावर त्यांनी मागे वळोन पाहिले. बाई त्यांजकडे पाहात नव्हती; ती पुन्हा लखमोजींचे तोंडाकडे लक्ष लावोन बसली होती, धन्याचे नाव कधी येते म्हणोन.

जखमनवीसांस चिठ्ठी मिळाली आणि एकवीस दिवसांत त्यांचा कान उघडला, शिटी तेवढी राहिली. राजवैद्य, अंतोबा, लखमोजी यांचेही कान हळूहळू आले. कान उघडले त्याच दिवशी मोरो केशव यांनी सटवाजीचे बासन मागविले आणि सबंध वाचिले. तपासणीचे दोन कागद लागोपाठ वाचले तेव्हा त्यांस हसू आले, आणि नंतर आपण हसलो याची लाज वाटली. मग स्वतःचे हाताने लिहिले, 'सोळा आणे मान्य,' मोहर केली, आणि कचेरीत हुकूम दिला की यापुढे कानांचे खिडकीवर पुकारा करू नये. चोपदाराने चालोन जावे आणि अर्जदाराचे खांद्यास हात लावोन त्यास आणावे. लखमोजी म्हणाले, "इतके चालणे आमचे पायांस झेपावयाचे नाही." मोरो केशव म्हणाले, "मग पायांची खिडकी वर आहे." लखमोजी चालू लागले.

मग जखमनवीस स्वतः सटवाजीस आणि ठकूबाईस घेवोन दवाखान्यात गेले. दवाखान्याचे वैद्य म्हातारे होते. त्यांनी डावा कान उजेडाकडे धरोन पाहिला, उजवाही पाहिला, पुन्हा डावा पाहिला, आणि बोलिले, "पहिले वर्षी आणिला असता तर हा वाचला असता. आता तेल घालोन तेल मात्र वाया जाईल." ठकूबाई जमिनीकडे पाहू लागली. सटवाजीने वैद्यांचे ओठ वाचिले नाहीत, तोंड वाचिले, आणि सर्व समजला. बायकोचे खांद्यावर हात ठेवोन म्हणाला, "चल." तेव्हा मोरो केशव त्याचे आडवे आले, आणि मान खाली घालोन काही बोलू लागले. बहुत वेळ बोलत होते. दवाखान्याचे ओटीवर तीस चाळीस जखमी शिपाई पडोन होते, ते माना वळवोन पाहू लागले.

सटवाजीने ठकूबाईस पुसिले, "काय म्हणतायत?"

ठकूबाईने आपले दोन्ही हात जोडोन दाखविले.

सटवाजी मोरो केशवांकडे वळला. मग दवाखान्यात शेवटचे खाटेपर्यंत जाईल ऐशा आवाजात बोलिला, "वाईच मोठ्यानं म्हणा, सरकार. मला न्हाई ऐकू येत, पर ही समदी ऐकतील."

मोरो केशवांचे तोंड लाल जाहले. त्यांनी इकडे तिकडे पाहिले, अंगरखा सारखा केला, आणि मग पागोटे काढोन हाती घेतले आणि मोठ्याने म्हटले. शब्द काय होते ते ओटीवरील शिपायांस ठाऊक आहेत आणि ते आजही सांगतात, प्रत्येक निराळे सांगतो. सटवाजीने जखमनवीसांचे उघडलेले तोंड, गळ्याची फुगलेली शीर आणि थरथरणारी हनुवटी हे सर्व नीट पाहिले, आणि ते बोलोन थांबले तेव्हा मान डोलविली.

"ऐकलं," तो म्हणाला.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले ते लिहिले. किल्ला एकेचाळीस दिवसांत हाती आला. जखमनवीस सात वर्षांनी आले. सटवाजी आणि ठकूबाई पौष मासी गावी परतली आणि सुखरूप आहेत. ज्या शिपायांचे कागद अद्याप बासनात आहेत त्यांची गणती करू गेलो असता अंतोबांनी सांगितले की, त्यास अर्ज लागतो. तो आम्ही दिला आहे.